मूळचे लखनौचे

नंदकुमार पाटणकर सहकुटुंब लखनौला येणार, हे कळल्यावर सरोजनं वरच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या, रजयांना धुतलेल्या खोळी घातल्या, पिशवीभर मटार आणून ठेवला आणि मनाशी पक्कं ठरवलं, की या वेळी आपण गप्प बसायचं नाही.

दीर मोठे होते, मान्य. पण आपल्या मोठेपणाचं ओझं माणसानं किती वर्षं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून फिरायचं? सासऱ्यांचे दिवस झाल्यावर नंदकुमारांनी या शहरात पाऊल टाकलं नव्हतं. फोन मात्र येई. "काय म्हणतंय तुमचं यूपी?" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि त्यातल्या 'तुमचं'वर असा काही जोर, की फोनच्या या टोकाला बसलेल्या माणसानं मुकाट्यानं अपराध कबूल करावा.

वास्तविक त्यांचा स्वतःचा जन्म आलमबागच्या रेल्वे कॉलनीतला. त्यांचे वडील, म्हणजे सरोजचे सासरे पंढरीनाथ, तिकडे काम मिळेना म्हणून डिप्लोमा घेऊन साताऱ्याहून निघाले आणि इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपात चिकटले ते कायमचेच. नंदकुमार इथल्या गच्च्यांवरून पतंग काटत वाढले, आईशी भांडायचे तेही हिंदीत. मग इंजिनिअरिंगला पुण्याला गेले आणि असे पुणेकर झाले, की सात पिढ्यांच्या पुणेकरालाही आपल्यात काही कमी आहे असं वाटावं. कोणी विचारलं तर, "आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पाटणचे," एवढंच. मधलं लखनौ त्यांनी आमटीतल्या कढीपत्त्यासारखं ताटाच्या कडेला काढून ठेवलं होतं.

धाकटा सतीश इथेच राहिला. बँकेत लागला, सांगलीची सरोज करून आणली, जानकीपुरममध्ये दुमजली घर बांधलं आणि निवृत्तही झाला. या घराला नंदकुमार अजून 'सतीशचं तिकडचं घर' म्हणत.

आणि आता गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाची, विपुलची हिंजवडीतली नोकरी गेली. एकट्याची नाही, सबंध टीमचीच गेली. पण घरात बसलेला माणूस एकटाच असतो. दिवाळी गेली, संक्रांत आली. अर्ज केले की उत्तर येईना, उत्तर आलं की बोलावणं येईना. शेवटी एका सकाळी सतीशला फोन आला, आणि या वेळी पहिलं वाक्य निराळंच होतं.

"सतीश, आपली सानिका तिथे कुठल्याशा कंपनीत एचआरला आहे ना रे?"

सतीशनं फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. "दादा आहे. 'आपली सानिका' म्हणतोय."

"आपली कधीपासून झाली?" सरोज म्हणाली, आणि कुकरची शिटी काढायला आत गेली.

*

सरोजच्या मनात जे साचलं होतं ते असं. काही वर्षांपूर्वी तिची मुलगी सानिका एमबीए करून नोकरी शोधायला पुण्याला गेली होती, काकांच्या घरी. सोसायटीचा गणपती होता, आणि सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार. सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, तेव्हा सानिका आपण होऊन पुढे झाली. घरात ती जन्मापासून मराठी ऐकत आलेली. बोलताना मात्र हिंदीवर घसरायची. तरी तिनं सगळं पाठ केलं, साडी नेसली. आणि ऐन वेळी काका चारचौघांसमोर म्हणाले, "नको गं बाई. तुझं मराठी ऐकलं तर लोक विचारतील, पाटणकरांकडे ही भय्यीण कुठून आली?"

चारचौघे हसले. सानिकाही हसली. पुढच्या आठवड्यात ती गाडीत बसून परत आली. नोकरीचं विचारलं तर म्हणाली, "मम्मी, वहाँ का मौसम सूट नहीं किया." खरं काय ते तिनं आईला वर्षभरानं सांगितलं. तेव्हापासून सरोज एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवत आली होती. दीर समोर आले, की ते वाक्य त्यांच्या पानात वाढायचं.

म्हणूनच सानिकानं विपुलसाठी आपल्या मालकांकडे शब्द टाकला, तेव्हा सरोजला धक्काच बसला.

"तुला काय गरज होती?"

"काका के लिए थोड़ी किया," सानिका लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. "विपुल दादा के लिए किया. उस दिन स्टेशन छोड़ने वही आए थे. रास्ते भर कुछ बोले नहीं, बस सामान उठाते रहे."

सरोजनं तिच्यापुढचा रिकामा कप उचलला आणि ती आत गेली.

*

धुक्यापायी गाडी अर्धा दिवस उशिरा आली. विपुल वाळला होता. त्याची बायको हिमानी नोकरीमुळे पुण्यातच राहिली होती. जाऊबाई मीनाक्षी उतरल्याबरोबर सरोजच्या गळ्यात पडल्या, आणि नंदकुमार दारातच उभे राहून घराकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाले, "बरं बांधलंय की सतीशनं." घर बांधून मुलगी शाळेतून कॉलेजात जाईल इतका काळ लोटला होता.

संध्याकाळी दिवाणखान्यात चहा घेता घेता सानिकानं सगळ्यांना नीट समजावलं. तिची कंपनी चिनहटच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवते. मालक रस्तोगी साहेब, जुन्या वळणाचा माणूस. कारखान्यात नवीन कॉम्प्युटर प्रणाली बसवायची आहे, त्यासाठी माणूस हवाय. पण त्यांचा मुलाखतीवर विश्वास नाही. ते माणसाच्या घरी जातात, जेवतात, बघतात. रविवारी दुपारी इथे जेवायला येणार आहेत.

"एक बात ज़रूर पूछेंगे," ती विपुलला म्हणाली. "कि भई, अपने यहाँ के लड़के बेरोज़गार बैठे हैं, तो बाहर वाले को क्यों लें?"

नंदकुमारांनी कप खाली ठेवला. "बाहेरचा? कोण बाहेरचा? हा देश एक आहे की नाही? घटनेनं प्रत्येकाला कुठेही जाऊन पोट भरायचा अधिकार दिलाय!"

सतीशला ठसका लागला. चहा चुकीच्या नळीत गेला असावा. सरोजनं त्याच्या पाठीवर चापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात, कारण तिला हसू आवरायला काहीतरी करणं भाग होतं.

"और काका," सानिका शांतपणे म्हणाली, "एक वो वीडियो भी है."

"कुठला व्हिडिओ?"

"लिफ्ट वाला."

हा व्हिडिओ सगळ्या घराला ठाऊक होता, कारण तो खुद्द नंदकुमारांनीच घरच्या ग्रुपवर टाकला होता. सोसायटीच्या लिफ्टमध्ये खाण्याचं पार्सल घेऊन आलेल्या एका पोराला ते खणखणीत आवाजात विचारत होते, की महाराष्ट्रात किती वर्षं राहतोस, आणि मराठी कधी शिकणार? तो "जी अंकल, जी अंकल" करत होता. कोणीतरी ते टिपलं आणि पाहता पाहता गावभर झालं.

"अजून फिरतोय का तो?" नंदकुमारांनी विचारलं. पहिल्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मग ते हळूहळू उतरलं. "इकडेसुद्धा?"

"इधर ही तो ज़्यादा फिर रहा है."

"मी तेव्हाच म्हणत होते," मीनाक्षीताई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांना बहुतेक मनातच म्हणावं लागलं होतं. आज त्या परक्या घरी ते उघड म्हणाल्या आणि सरोजकडे बघून जरा सावरून बसल्या. दोघी जावा कधी एका पक्षात नव्हत्या. त्या संध्याकाळी झाल्या.

शेवटी असं ठरलं, की रविवारी नंदकुमारांना ताप येईल. पाहुणे जाईपर्यंत ते वरच्या खोलीत रजई पांघरून पडतील. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक पंगतीत पहिलं पान अडवलं, त्याच्यावर लेकासाठी ताट वर मागवून घ्यायची वेळ आली. सरोजला याचा आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही, पण दीर जिना चढताना कठड्याला धरून चढत होते, ते तिला दिसलं, आणि आनंदाची चव थोडी बिघडली.

विपुल स्वयंपाकघरात येऊन मटार सोलायला बसला.

"काकू, खरं सांगू का? मला इथे यायचं नाहीये."

"मग आलास कशाला?"

"नाही कसं म्हणणार? रोज सकाळी बाबा पेपर वाचतात आणि मी आंघोळीला किती वेळ लावतो ते बघतात. हिमानी ऑफिसला जाते तेव्हा मी दार लावून घेतो. काकू, दार लावून घेणं हेच माझं काम झालंय." तो दाणे भांड्यात टाकत राहिला. "त्यापेक्षा चिनहट परवडलं."

*

रविवारी ऊन चांगलं पडलं. सरोजनं पुरणपोळ्या, कटाची आमटी, मटारची उसळ, मसालेभात असा साग्रसंगीत बेत केला होता. रस्तोगी साहेब बायकोला घेऊन आले. गोल चेहरा, पांढऱ्या मिशा, अंगात हातविणीचा स्वेटर. येताना मक्खन मलाईचे, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचे, द्रोण घेऊन आले आणि "भाभी जी, ये ज़्यादा देर टिकेगी नहीं, पहले यही खा ली जाए," म्हणून त्यांनी जेवणाचा सगळा क्रमच उलटा करून टाकला.

पुरणपोळी त्यांना फार आवडली. "मीठा पराठा तो भाभी जी आपने लाजवाब बनाया है," असं म्हणून त्यांनी तिच्यावर आंब्याचं लोणचं घेतलं. सरोजचे डोळे मिटले. पण विपुलच्या नोकरीसाठी ती पुरणपोळीला पराठा म्हणू द्यायला तयार होती. लोणच्याकडे तिनं पाहिलंच नाही.

तिसऱ्या पोळीनंतर साहेबांनी हात पुसले आणि विपुलकडे वळले.

"बेटा, सानिका बिटिया ने तारीफ़ तो बहुत की है. काम भी तुम जानते होगे. मगर एक बात बताओ. पूना, बैंगलोर, हर जगह से हमारे अपने लड़के नौकरी गँवा के लौट रहे हैं. मोहल्ले में हर दूसरे घर में एक बैठा है. उनको छोड़ के हम बाहर वाले को क्यों रखें?"

प्रश्न अपेक्षित होता. उत्तर सानिकानं घोटून घेतलं होतं. विपुलनं तोंड उघडलं. "सर, मेरे को... मतलब मैं... ऐसा है ना सर, की..." आणि तो थांबला. हिंजवडीत बारा महिने हिंदीतच बोलणारा मुलगा, पण दार लावून घेण्यात गेलेल्या महिन्यांनी त्याच्या जिभेला जणू कडी घातली होती. सतीश पानातला भात चिवडू लागला. मीनाक्षीताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

आणि जिन्यावर पावलं वाजली.

नंदकुमार मफलर गुंडाळून, अंगावर शाल घेऊन खाली येत होते. सरोजनं डोळ्यांनी खुणावलं, सतीशनं हातानं थांबवलं. पण ते थांबले नाहीत. ते जिन्यात बसून ऐकत होते तर!

"अमाँ रस्तोगी साहब, बाहर वाला किसे कह रहे हैं आप?"

खोलीतले सगळे चमचे थांबले. कारण तो आवाज नंदकुमारांचा होता, पण ती भाषा त्यांची नव्हती. निदान सरोजनं त्यांच्या तोंडून ती कधी ऐकली नव्हती.

"हम पैदा हुए आलमबाग की रेलवे कॉलोनी में. हमारे वालिद ने इस शहर के इंजन ठीक करते-करते ज़िंदगी काट दी. ये लड़का उनका पोता है. इसकी ज़बान अगर बिगड़ी है तो क़ुसूर हमारा है, हमने इसे यहाँ की हवा नहीं लगने दी. मगर बाहर वाला? ये आपने ज़्यादती की."

कुठून येत होतं ते? एवढी वर्षं कुठे ठेवलं होतं? बोलताना त्यांची मान जरा वाकडी होत होती, हात हवेत नाजूक फिरत होते. आणि सतीश भावाकडे असा पाहत होता, जणू लहानपणी पतंगामागे धावत गेलेला दादा आत्ता घरी परत आलाय.

"वाह," रस्तोगी साहेब म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आपको कहीं देखा है."

"नहीं नहीं," सतीश घाईनं म्हणाला, "दादा तो यहाँ आते ही नहीं."

"देखा है." साहेबांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट फिरवू लागले. सरोजला वाटलं आता जमीन दुभंगावी, आणि आधी दिरांना पोटात घ्यावं. फोनमधून खणखणीत आवाज आला: 'किती वर्षं राहतोस महाराष्ट्रात?'

नंदकुमार शाल सावरत उभे होते. पडद्यावरचे नंदकुमार पोराला फैलावर घेत होते, आणि इथले नंदकुमार त्या पोरासारखेच खाली बघत होते.

"ये आप ही हैं न?"

"जी," नंदकुमार म्हणाले. "हम ही हैं."

रस्तोगी साहेबांनी फोन ठेवला. पाणी प्याले. आणि मग विचारलं, "काम क्या करते थे पूना में?"

"परचेज़ में थे. पिंपरी में. अब तो रिटायर हैं."

"परचेज़!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे भाई साहब, हमारी कास्टिंग आती है कोल्हापुर से. फाउंड्री वाला हर महीने लटका देता है. हम हिंदी में फ़ोन करें तो वो मराठी में बोलता है, अंग्रेज़ी में करें तो फ़ोन रख देता है. हमें ऐसा ही आदमी चाहिए, जो उसको उसी की ज़बान में इस तरह डाँटे," त्यांनी फोनकडे बोट दाखवलं, "और हमारे मिस्त्रियों से हमारी ज़बान में बात करे, जैसे अभी आपने की. कब से आ सकते हैं?"

"कौन?" नंदकुमारांनी विचारलं.

"आप. और कौन?"

"मगर... हम तो विपुल के लिए..."

"लड़का हीरा है," साहेब प्रेमानं म्हणाले. "मगर कंप्यूटर वाले हीरे इस वक़्त गोमती नगर में थोक के भाव लौटे पड़े हैं. आप जैसा हमें दूसरा नहीं मिलेगा. ख़ाली ही तो बैठे हैं न?"

मग त्यांनी आणखी अर्धी पोळी मागून घेतली.

*

पाहुणे गेल्यावर घरात जी सभा भरली, तिच्यात पहिला ठराव नंदकुमारांनीच मांडला. "छे! काहीतरीच. मी या वयात? आणि इथे?" दुसरं वाक्य यायला फारसा वेळ लागला नाही. "अर्थात, विपुलच्या दृष्टीनं विचार केला तर... एकदा आपला पाय आत गेला, की मग त्याला ओढून घेता येईल."

"दादा, घे तू," सतीश म्हणाला. मोठ्या भावाला त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच सल्ला दिला असेल. "यार, वरची खोली रिकामीच आहे."

सरोजनं नवऱ्याकडे पाहिलं. वरच्या खोलीबद्दल आपल्याला कोणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी येणार नाही," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे येणार नाही. माझा योगाचा वर्ग आहे, माझ्या मैत्रिणी आहेत, हिमानीला तिथे मदत लागते. तुम्ही राहा. तुमचं गाव आहे." आणि त्यांनी मटारच्या उसळीचं भांडं उचललं. "सरोज, ही फ्रिजमध्ये ठेवू ना गं?"

'तुमचं गाव' हे शब्द त्यांनी इतक्या साधेपणानं उच्चारले, की नंदकुमारांना रागावायला जागाच सापडली नाही.

विपुल या सगळ्यात नव्हता. सरोज शोधत गच्चीवर गेली. तो पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. ती धावली. जवळ जाऊन बघते तो पोरगा हसत होता.

"काकू, बाबांना नोकरी लागली!" त्याला धड बोलताही येईना. "मला घेऊन आले आणि... बाबांना... आता मी कोणाला काय सांगू? वडिलांना चिकटवलं म्हणून सांगू?"

सरोजलाही हसू फुटलं. दोघं टाकीपाशी बसून पोट धरून हसली. आणि मग विपुलचं हसणं मध्येच कुठेतरी वळलं, त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि त्यानं लहान मुलासारखं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सरोज त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाजूच्या गच्चीवर मिश्रा भाभी वाळवण उलटत होत्या. त्यांनी शहाणपणानं पाठ फिरवली.

विपुल आणि मीनाक्षीताई पुण्याला परत गेले. महिन्याभरानं विपुलचा फोन आला. एका क्लासमध्ये मुलांना कोडिंग शिकवायला लागलाय. पगार सांगण्यासारखा नाही, म्हणाला, पण सकाळी हिमानीच्या बरोबरीनं घराबाहेर पडतो; दार बाहेरून लावतो.

*

आणि नंदकुमार पाटणकर सरोजच्या वरच्या खोलीत राहायला आले ते आलेच.

रोज सकाळी ते डबा घेऊन फाटकाशी उभे राहत. सानिका स्कूटी बाहेर काढी, त्यांना हेल्मेट देई, आणि सोसायटीचे माजी सेक्रेटरी पुतणीच्या मागे बसून चिनहटला जात. पहिल्या दिवशी ते वाटेत तिला वळणाआधी हॉर्न वाजवायची सूचना देत गेले. दुसऱ्या दिवशी तिनं कानात गाणी लावली.

कोल्हापूरची कास्टिंग वेळेवर येऊ लागली. रस्तोगी साहेब खूश होते. सरोजही नाखूश म्हणावी अशी नव्हती. दीर भाजी आणून देत, आणि आणताना भाजीवाल्याशी इतक्या लडिवाळ हिंदीत घासाघीस करत, की तो कोथिंबीर वर टाकी. पण आपलं ते घासूनपुसून ठेवलेलं वाक्य अजून आपल्याच जवळ आहे, याची तिला अधूनमधून आठवण होई.

होळीनंतरच्या एका संध्याकाळी नंदकुमार जेवायला बसले, पण जेवेनात. सतीश बाहेर गेला होता. सानिका वर होती.

"काय झालं भाऊजी? मीठ जास्त पडलंय का?"

"नाही गं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "कारखान्यातली पोरं मला 'मराठी चाचा' म्हणतात."

"म्हणू देत की. प्रेमानं म्हणत असतील."

"मी म्हटलं, अरे बाबांनो, मी इथलाच, आलमबागचा. तर हसले. म्हणाले, चाचा, आप की हिंदी में तो पूना बोलता है. यहाँ के लगते नहीं." त्यांनी वर पाहिलं. "सरोज, पुण्यात पंचेचाळीस वर्षं मी कोणाला मला असं म्हणू दिलं नाही. आणि इथे, जिथे जन्मलो तिथे... चारचौघांत हसले गं."

हीच ती वेळ. सरोजला कळलं, की आपण इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आयतं पानात आलंय. तिनं आमटीची पळी खाली ठेवली.

"आता कळलं ना भाऊजी, सानिकाला कसं वाटलं असेल ते?"

नंदकुमारांनी तिच्याकडे पाहिलं. खरोखर न समजून पाहिलं.

"सानिकाला? तिला कोण काय म्हणालं?"

सरोज उभी होती ती खुर्चीत बसली. त्यांना आठवतच नव्हतं! जे वाक्य तिच्या मुलीनं वर्षभर गिळून ठेवलं, जे तिनं स्वतः रात्रंदिवस उगाळलं, ते बोलणारा माणूस ते केव्हाच विसरून मोकळा झाला होता. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं एका माणसाशी भांडत होतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. रागवावं तरी कसं? आणि सोडावं तरी कसं?

तिनं सोडलं नाही. तिनं सांगितलं. गणपती, आजारी पडलेली मुलगी, साडी, पाठ केलेलं सूत्रसंचालन, चारचौघं, आणि तो एक शब्द. घासूनपुसून ठेवलेलं वाक्य काही तिला आठवलं नाही. साधंच सांगितलं, भाजी निवडताना सांगावं तसं. नंदकुमार ऐकत होते. आमटी गार झाली.

"मी असं म्हणालो?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. मग म्हणाले, "तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही मोठे होतात."

ते उठले. ताट उचलून त्यांनी मोरीत ठेवलं, नळ सोडला आणि ताटावर नुसतं पाणी वाहू दिलं. घासायचं कसं ते त्यांना ठाऊक नसावं. मग नळ बंद करून ते वर गेले. सानिकाच्या दाराशी त्यांची पावलं थांबल्यासारखी सरोजला वाटली. पण पावलं पुढे गेली.

सकाळी सरोज गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती. खाली स्कूटी सुरू होती. सानिका हेल्मेट घालून बसलेली, आणि नंदकुमार मागे बसायचं सोडून तिच्या शेजारी उभे. ते काहीतरी म्हणत होते. इंजिनाच्या आवाजात सानिकाला ऐकू आलं नसावं. तिनं मान तिरकी केली. ते पुन्हा म्हणाले. तेव्हा तिनं किल्ली फिरवून गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेतलं.

नंदकुमार बोलत होते. हात हवेत फिरत नव्हते, दोन्ही हातांनी डब्याची पिशवी धरली होती. सानिका मध्येच काहीतरी म्हणाली, थोडकंच. मग ते पुन्हा बोलले. कोणत्या भाषेत, ते वरून कळत नव्हतं. सरोजच्या हातातल्या तांब्यातलं पाणी कुंडीतून वाहून फरशीवर आलं, तिच्या पावलांना गार लागलं, तरी ती हलली नाही.

संध्याकाळी सानिका आली, चप्पल काढली आणि पाणी प्यायली. सरोजनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"आज लेट हो गए मम्मी," सानिका म्हणाली. "रस्तोगी सर ने दोनों को डाँटा."